सागरापारचे सोयरे

महाराष्ट्रांत दोन अनोळखी माणसें प्रवासांत शेजारीं बसलीं म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो "गांव कोणतें?" हा. नांव मागाहून, आणि धंदा त्याहूनहि मागाहून. इंदापूर तालुक्यांतील वरकुट्याच्या माणसास हा प्रश्न केला तर तो क्षणभरहि न अडखळतां उत्तर देतो; आणि पुण्यामुंबईस जन्मलेला त्याचा नातूहि बहुधा तेंच उत्तर देतो. कारण गांव म्हणजे केवळ राहण्याची जागा नव्हे. कुलदैवत कोणतें, जत्रा कधीं, सोयरीक कोठें जुळते, भाऊबंद कोण, हें सारें त्या एका शब्दांत सामावलेलें असतें. परंतु या साध्या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्या घरांतून चार-पांच पिढ्यांपूर्वींच हरवलें, अशीं मराठी माणसेंहि जगांत आहेत. हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर तीं राहतात. भाद्रपदांत घरीं गणपति आणतात, आरती म्हणतात. मात्र आपला खापरपणजोबा कोणत्या वाडीचा, हें त्यांतील अनेकांस सांगतां येत नाहीं. हीं माणसें आणि त्यांचे पूर्वज ज्या कोंकणपट्टींतून गेले ती कोंकणपट्टी, यांची गांठ उत्सवांच्या योगानें पुन्हा कशी पडते, आणि ती पडावी तर उत्सव कसा असावा, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

वरकुटे समुद्रापासून पुष्कळ दूर. येथील शेतकऱ्यास भरती-ओहोटीच्या वेळा ठाऊक नसतात. कालव्याचें आवर्तन कधीं सुटणार, हें मात्र तोंडपाठ असतें. तरीहि मॉरिशसची हकीकत समजावयास बारामती-इंदापूरकडील माणसासारखा जाणता श्रोता मिळणें कठीण. कारण ती हकीकत मुळांत उंसाची आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास या कोरड्या मुलुखांत खेळूं लागलें. पुढें १९३० नंतरच्या दशकांत वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, त्यामागून सहकारी कारखाने निघाले, आणि ज्वारीच्या रानांत ऊंस उभा राहिला. ऊंस आला म्हणजे तो तोडणारे हात लागतात. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून तोडणीवाल्यांच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या बांधतात, आणि उन्हाळा लागला म्हणजे निघून जातात. मुकादमानें दिलेली उचल, नवराबायकोच्या जोडीस म्हणावयाचा 'कोयता', आणि एक दिवस कामावर न गेल्यास पडणारा 'खाडा' हे शब्द येथें शाळकरी पोरासहि परके नाहींत. ज्याला हे शब्द कळले त्याला मॉरिशस अर्धें कळलें.

मॉरिशस हें आफ्रिकेच्या पूर्वेस, मादागास्कर बेटाच्याहि पलीकडे आहे. मुंबईहून तें सुमारें साडेचार हजार किलोमीटर दूर. आज विमानानें सहा तासांच्या आसपास लागतात, शिडाच्या जहाजानें मात्र कित्येक आठवडे लागत. डच आले, त्यांच्या मागून फ्रेंच आले, आणि १८१० सालीं इंग्रजांनीं तें बेट जिंकून घेतलें. साखरेचे मळे फ्रेंच मालकांचे आणि राज्य इंग्रजांचें, असा तेथें मिलाफ झाला. मळ्यांत राबत ते आफ्रिकेंतून व मादागास्करांतून आणलेले गुलाम. १८३५ सालीं तेथें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, तेव्हां मळेवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे आधींच वळलेली होती. १८३४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २ तारखेस 'ॲटलस' नांवाचें जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरांत लागलें. त्यानंतर १९२० पर्यंतच्या काळांत जवळजवळ पांच लक्ष हिंदी माणसें करार करून त्या बंदरांत उतरलीं. ज्या दगडी पायऱ्या चढून त्यांनीं त्या भूमीवर पाऊल टाकलें, त्यांतील सोळा पायऱ्या अजून तेथें आहेत. त्या जागेस 'आप्रवासी घाट' म्हणतात, आणि २००६ पासून तिची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत होते.

या पांच लक्षांतील बहुतेक लोक बिहार व त्याच्या लगतच्या प्रांतांतले. ते कलकत्त्याहून गेले. कांहीं मद्रासेहून गेले. मुंबई बंदरांतून जे गेले त्यांत मराठी बोलणारे होते, आणि त्यांतील मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यांतला, सावंतवाडीकडचा व कुलाब्याकडचा होता. त्या काळीं आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा कांहीं भाग रत्नागिरींतच मोडत असे. सातारा-कोल्हापूरकडील घाटावरचे लोकहि त्यांत मिसळलेले होते. कोंकणांत भातशेतीचे तुकडे लहान, त्यांवर खोताचा वांटा, आणि घरांत खाणारीं तोंडें अधिक. म्हणून कोंकणी माणूस पोट भरण्यासाठीं मुंबईची वाट फार पूर्वींपासून धरीत आला. मुंबईच्या धक्क्यावर काम शोधणाऱ्या या माणसास मजूर भरती करणारा दलाल भेटे आणि दर्यापलीकडे चांगला रोजगार असल्याचें सांगे. तें बेट किती दूर, तेथून परत कसें यावयाचें, याची कल्पना किती जणांस असेल, हें ज्याचें त्यानें ताडावें.

तेथील रोजगार असा होता. पुरुषास महिना पांच रुपये, त्यावर तांदूळ, डाळ, तेलतूप व मीठ यांचा शिधा. देखरेखीस 'सिरदार' असे. तो मजुरांतूनच वर आलेला, आणि मालकाची व मजुरांची दोन्हीं तोंडें सांभाळणारा. हा येथील मुकादमच म्हणावयास हरकत नाहीं. एक दिवस कामास न आलेल्याची दोन दिवसांची मजुरी कापीत. येथील तोडणीवाल्यास खाड्याचा दंड ठाऊक आहे, तेथें त्याच दंडाची दुपटीनें वसुली होई. आरंभीं परतीच्या प्रवासाचा खर्च मजुरास मिळण्याची तरतूद होती. पुढें ती काढून टाकण्यांत आली. उसनवारीनें अडकलेला माणूस मुदत संपल्यावर पुन्हा करार करी, आणि असे दोन-तीन करार झाले कीं आयुष्य तेथेंच सरे. बीडहून आलेला तोडणीवाला उन्हाळ्यांत बैल हांकीत माघारा जातो. मॉरिशसास गेलेला कोंकणी मजूर बहुधा माघारा आला नाहीं. दोघांतला फरक एवढाच, परंतु तो केवढा मोठा!

उंसाचीं तीं रानें तयार करणें हेंहि हलकें काम नव्हतें. बेट ज्वालामुखीपासून झालेलें. जमिनींत जिकडेतिकडे काळे पाषाण. ते उपटून, वाहून, एकावर एक रचावे तेव्हां कोठें नांगरास वाट मिळे. मजुरांनीं रचलेले ते काळे ढीग उंसाच्या फडांतून लहान टेकड्यांसारखे अजूनहि उभे दिसतात. येथें एक नवल सांगण्यासारखें आहे. भूगर्भशास्त्रज्ञांचें मत असें कीं, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनचा काळा कातळ ज्या भूगर्भांतील तप्त स्थानांतून वर आला, त्याच स्थानांतून फार मागाहून, म्हणजे सुमारें ऐशीं लक्ष वर्षांपूर्वीं, मॉरिशस वर आलें. भूमीचा थर उत्तरेकडे सरकत गेला आणि चूल मात्र जागच्या जागीं राहिली. म्हणून दख्खन येथें आणि मॉरिशस तेथें. वरकुट्याच्या विहिरींत सुरुंगानें फुटणारा काळा दगड आणि त्या मजुरांनीं डोक्यावरून वाहिलेला काळा दगड, हे एका चुलीवरचे आहेत. माणसांच्या नात्यास यानें कांहीं पुरावा मिळत नाहीं, हें खरें. परंतु मुलांना भूगोल शिकवितांना एवढी गोष्ट सांगितली तर तें बेट त्यांना तितकेंसें परकें वाटणार नाहीं.

आतां या मराठी माणसांचें गांव हरवलें कसें, तें पाहूं. जहाजांतून उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद सरकारी वहींत होत असे. त्याचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण आणि जहाज, असा सर्व तपशील कारकून लिहून घेई. कारकुनाचा कान इंग्रजी किंवा फ्रेंच. सांगणाऱ्याचा उच्चार मालवणकडचा किंवा राजापूरकडचा. त्यामुळें गांवाचें नांव जसें ऐकूं आलें तसें लिहिलें गेलें. दुसरें असें कीं, आपल्याकडे माणसाचें नांव, बापाचें नांव आणि आडनांव हीं तिन्हीं निरनिराळीं. तेथें मजुराचें एकेरी नांवच पुढच्या पिढीचें आडनांव होऊन बसलें. आडनांव गेलें म्हणजे त्यांतून गांवाचा मागहि गेला, कारण कोंकणांत आडनांवावरून गांव आणि गांवावरून आडनांव ओळखण्याची वहिवाट आहे.

तथापि त्या वह्या नष्ट झाल्या नाहींत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यांत त्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या जोडीस मजुरांचीं छायाचित्रेंहि आहेत. हीं छायाचित्रें कौतुकानें काढलेलीं नव्हत. १८६७ च्या कायद्यान्वयें कराराची मुदत संपलेल्या मजुरासहि छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि परवान्यावांचून सांपडल्यास पोलीस त्यास पकडीत. माणसास धाकांत ठेवण्यासाठीं जें छायाचित्र काढलें, तेंच आज त्याच्या पणतवंडास पूर्वजाचें एकमेव दर्शन घडवितें. वंशज तेथें जातात, क्रमांक शोधतात, जुन्या कागदावरील तो चेहरा पाहतात, आणि त्याखालीं गांवाच्या नांवाचीं चार-दोन वांकडीं अक्षरें वाचावयास मिळतात. तीं अक्षरें म्हणजे नेमकें कोणतें गांव, हें मात्र तेथें बसून उलगडत नाहीं. त्यासाठीं कोंकणांतलाच माणूस लागतो.

कागदावरून जें पुसलें गेलें त्यांतलें पुष्कळ आचारांत टिकलें. भिवाजी घराण्यानें १८९६ सालीं त्या बेटावर पहिली गणेशपूजा केली, असें तेथें मानतात. त्या एका घरचा गणपति पुढें इतक्या घरीं गेला कीं, आज गणेशचतुर्थीस मॉरिशसांत सर्व देशास सार्वजनिक सुटी असते. मराठी समाजाचा वांटा त्या देशाच्या लोकसंख्येंत अगदीं लहान आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें महत्त्व कळतें. विसर्जनास लोक वाजतगाजत नदीकडे किंवा समुद्राकडे जातात. त्या वेळीं 'झाकरी' नांवाचा नाच होतो. रत्नागिरीकडील श्रोत्यांच्या कानांवर हा शब्द पडतांच ते म्हणतील कीं, ही तर आमची जाखडी! मध्यें ढोलकी-झांजवाले बसतात, आणि भोंवतीं पायांत चाळ बांधलेले गडी रिंगण धरतात. गणपतीच्या दिवसांत कोंकणच्या अंगणांत दिसणारा हाच तो नाच. गोंधळ घालण्याची चालहि तेथील मराठी घरांनीं सोडली नाहीं. घरांतली रोजची बोली मात्र क्रेओल झाली. मराठी ही शाळेंत शिकावयाची, देवापुढें म्हणावयाची भाषा होऊन राहिली.

देश १९६८ सालीं स्वतंत्र झाला. त्याच्या थोडें आधीं, १९६० मध्यें, निरनिराळ्या गांवांतील मराठी मंडळ्यांचा एक संघ तेथें स्थापन झाला होता. शाळांतून मराठी शिकण्याची सोय झाली. १९९१ सालीं जागतिक मराठी परिषद मॉरिशसांत भरली, आणि महाराष्ट्रांतील कित्येक साहित्यिकांस व कलावंतांस हें बेट प्रथमच जवळून दिसलें. १ मे रोजीं तेथें महाराष्ट्र दिन साजरा होतो, मराठी नाटकांचे उत्सव होतात, आणि २०२३ मध्यें मोका येथें शिवछत्रपतींच्या पुतळ्याचें अनावरण झालें. म्हणजे येणेंजाणें सुरू आहे, उत्सवहि होतात. प्रश्न एवढाच उरतो कीं, या उत्सवांनीं नक्की काय साधावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना दूरच्या दुसऱ्या एका समुद्राकडे पाहणें उपयोगाचें आहे. आयर्लंड आणि अमेरिकेच्या बाजूचें न्यूफाउंडलंड बेट यांमध्यें सुमारें तीन हजार किलोमीटरांचा अटलांटिक महासागर पसरलेला आहे. अठराव्या शतकांत कॉड मासा पकडण्यास निघालेलीं इंग्रजी जहाजें वाटेंत आयर्लंडच्या वॉटरफर्ड बंदरांत थांबत, खारवलेलें मांस भरून घेत आणि माणसेंहि घेत. हीं माणसें बहुतेक वॉटरफर्डच्या आसपासच्या थोड्या जिल्ह्यांतलीं. प्रथम तीं हंगामापुरतीं जात. पुढें तेथेंच राहूं लागलीं. आयरिश भाषेंत त्या बेटास 'माशांची भूमि' अशा अर्थाचें नांव आहे. गेलेल्या लोकांनीं आपला उच्चार, आपलीं गाणीं आणि नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं रेन नांवाच्या चिमण्या पक्ष्याचें गाणें म्हणत दारोदार फिरण्याची चाल तिकडे नेली. दोनशें वर्षांनीं वॉटरफर्डचा माणूस तेथें गेला तर बोलण्याच्या हेलावरून त्यास आपल्याच परगण्यांत आल्याचा भास होतो.

१९९२ मध्यें न्यूफाउंडलंडची कॉडची मासेमारी बंद करावी लागली, कारण समुद्रांतला मासाच संपत आला होता. ज्या धंद्यानें दोन किनारे जोडले तोच बुडाला. त्यानंतर चार वर्षांनीं, १९९६ सालीं, आयर्लंडचें सरकार आणि न्यूफाउंडलंडचें सरकार यांनीं परस्पर सहकार्याचा करार केला. आणि गवई, वादक, कथेकरी, शिक्षक, नावा बांधणारे कारागीर यांचें दोन्ही किनाऱ्यांवर जाणेंयेणें वाढलें. ह्या भेटींतून जे उत्सव होतात त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मोठ्या शहराच्या नाट्यगृहापेक्षां किनाऱ्यावरच्या लहान गांवांस तेथें महत्त्व आहे. गांवच्या सभागृहांत गाणें होतें, आणि कोणतें गाणें कोणत्या बाजूस कसें पालटलें, याची तेथेंच चर्चा होते. पाहुण्यास आपली कला दाखविणें आणि पाहुण्याची आपण शिकणें, हीं दोन्ही कामें एका बैठकींत होतात.

यावरून उत्सवाचीं तीन कामें ठरवितां येतील. पहिलें काम ताडून पाहण्याचें. मॉरिशसची झाकरी आणि रत्नागिरीची जाखडी एका अंगणांत, एकामागून एक झाली पाहिजे. कोंकणी पाहुणा तेथें गेला म्हणजे त्यास वाटतें कीं, यांचे शब्द बिघडले, यांची चाल चुकली. आणि तो त्यांस शुद्ध मराठी शिकवूं पाहतो. हा मोह टाळावा. दूर गेलेल्या माणसानें पुष्कळ वेळां जुनेंच जपलेलें असतें, आणि बदललेले आपण असतों. मुंबईच्या गिरणींतून आणि सिनेमांतून कोंकणच्या नाचांत काय काय शिरलें, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? तिकडचा एखादा विचित्र वाटणारा शब्द आपल्या पणजीच्या तोंडचा असूं शकतो. म्हणून चूक काढण्यापूर्वीं तो शब्द वहींत उतरून घ्यावा.

दुसरें काम गांव शोधण्याचें. ज्या कुटुंबाजवळ दप्तरखान्यांतील नोंद आहे, त्यानें ती उत्सवास येतांना बरोबर आणावी. आणि कोंकणच्या बाजूनें गांवांचीं, वाड्यांचीं, ग्रामदेवतांचीं नांवें जाणणारीं वयस्क माणसें तेथें बसलेलीं असावींत. फ्रेंच कानानें ऐकलेलें नांव मराठी जिभेवर दोन-चार प्रकारें घोळवून पाहिलें म्हणजे कोठेंतरी गांठ बसते. हें काम भाषणांनीं होत नाहीं. एका सतरंजीवर बसून होतें. सर्वांचेंच गांव सांपडेल असें नव्हे. परंतु एका कुटुंबास जरी आपल्या ग्रामदेवतेपुढें नारळ ठेवतां आला, तरी तो उत्सव सार्थकीं लागला असें म्हणावें.

तिसरें काम पाहुणचाराचें. या बाबतींत इंदापूर तालुक्यास बाहेरून कांहीं शिकण्याची गरज नाहीं. तुकोबांची पालखी सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी अशी मजल दरमजल करीत पंढरीस जाते, बेलवडीस अश्वांचें रिंगण होतें, आणि त्या दिवसांत वाटेवरच्या घरांतून अनोळखी वारकऱ्यास पिठलेंभाकरी आग्रहानें वाढतात. त्या वारकऱ्याचें गांव विचारतात, दुसऱ्या वर्षीं त्याची वाट पाहतात, आणि अशा रीतीनें दोन दूरच्या घरांचा घरोबा होतो. पालखी ही नात्यांची वाट आहे, ती अशी. मॉरिशसच्या मंडळींस हॉटेलांत उतरविलें, व्यासपीठावर शालश्रीफळ दिलें आणि विमानतळावर पोंचविलें, तर सोहळा होईल, सोयरीक होणार नाहीं. तेंच त्यांना रत्नागिरीच्या एखाद्या वाडींत, सारवलेल्या पडवींत चार दिवस राहूं दिलें, तर मोडक्या मराठींतहि बोलणें सुरू होईल. कोंकणांतून जाणाऱ्यांनींहि तिकडे मराठी घरांतच उतरावें.

येथें एक व्यवहारी अडचण आहे. दोन्ही किनाऱ्यांस जोडणारा मुख्य सण गणेशचतुर्थीचा. पण तो घरचा सण. त्या दिवशीं मुंबईचा चाकरमानी धडपडत गांवीं जातो, आणि मॉरिशसचा माणूसहि आपल्या घरच्या गणपतीपाशीं असतो. ज्या दिवशीं दोघांनाहि घर सोडवत नाहीं, त्या दिवशीं भेट कशी व्हावी? यावर मे महिना हा उपाय दिसतो. १ मे रोजीं दोन्हीकडे सुटी असते. तिकडे तो कामगार दिन, आणि येथें महाराष्ट्र दिनहि. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथील उंसाची तोडणी जूनच्या सुमारास सुरू होते आणि डिसेंबरापर्यंत चालते. म्हणजे मे महिन्यांत तेथील शेतकरी मोकळा असतो. कोंकणांतहि भाताच्या पेरणीस अवकाश असतो, आंबेफणस पिकलेले असतात, आणि सुटीस आलेलीं मुलें गांवांत असतात. मुलें असणें हेंच सर्वांत महत्त्वाचें, कारण सोहळा म्हाताऱ्यांचा आणि स्मृति मुलांची असते.

हें सर्व करावयास वेळ मात्र फार उरलेला नाहीं. पुतळा शंभर वर्षें उभा राहील. वह्या दप्तरखान्यांत सुरक्षित राहतील. परंतु गोंधळाचीं पदें आजीच्या तोंडून ऐकलेलीं, झाकरीच्या चाली बापाच्या पावलांवरून उचललेल्या, आणि आमटी-भाकरीसारखे घरगुती शब्द कानांवर पडून राहिलेले, असे लोक आतां वयस्क झाले आहेत. त्यांचीं नातवंडें शाळेंत प्रमाण मराठी शिकतात. ती पुण्याच्या पुस्तकांची मराठी, आजीची नव्हे. कोंकणांतहि तीच अवस्था येत आहे. वाड्यांतून घरांस कुलपें लागलीं, आणि गणपतीचे दिवस सोडले तर जाखडीस गडी मिळत नाहींत. दोन्ही किनाऱ्यांवर एकच दिवा मंदावत असतां एकमेकांच्या दिव्यावरून आपली वात लावून घेणें, हाच शहाणपणा आहे. ही देवाणघेवाण एका पिढीच्या आंत झाली नाहीं तर पुढचे उत्सव केवळ लेझीम आणि फेटे यांचे होतील. ते दिसतील सुंदर; पण त्यांत ओळखीची खूण कोणास सांपडणार नाहीं.

कोंकणानें आणखी एक गोष्ट मान्य करणें न्याय्य होईल. मॉरिशसच्या मराठी माणसानें कोंकणाची आठवण दीडशें वर्षांहून अधिक काळ ठेवली. कोंकणानें त्याची ठेवली नाहीं. जहाजावर गेलेल्या मुलाचें काय झालें, हें त्या आईस कळलें नाहीं. आणि पुढें त्या घरीं त्याचें नांवहि निघेनासें झालें. गांवोगांवच्या जुन्या घरांत कोणी दर्यापार गेल्याची पुसट गोष्ट अजून सांगत असतील, तर ती विचारून लिहून ठेवण्याचें काम शाळेंतील वरच्या वर्गाच्या मुलांनाहि करतां येईल. त्यास सभामंडप लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं. एक वही व एक मोकळी दुपार पुरते.

आणि वरकुट्यासारख्या समुद्र न पाहिलेल्या गांवानें या साऱ्यांतून काय घ्यावें? दिवाळीनंतर गांवच्या शिवेवर ज्या कोप्या पडतात, त्यांतलीं माणसेंहि आपलें गांव मागें ठेवून आलेलीं असतात. त्यांच्या मुलांना ओव्या येतात, त्यांच्या बायांना जात्यावरचीं गाणीं येतात, त्यांच्याहि गांवीं जत्रा भरते. त्यांची नोंद मुकादमाच्या वहींत 'कोयता' अशी होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेला माणूस असाच एक क्रमांक झाला होता, आणि त्याच्या पणतवंडांस त्या क्रमांकामागचा माणूस शोधतांना सारें आयुष्य पुरेनासें झालें. तेव्हां दूरच्या सोयऱ्यांचे उत्सव व्हावेत हें योग्यच. पण त्याची सुरुवात शेजारच्या फडापासून करावयास कोणाची आडकाठी नाहीं. संक्रांतीस तिळगूळ घेऊन त्या कोप्यांकडे जावें, आणि जो प्रश्न महाराष्ट्रांत प्रत्येक ओळखीच्या आरंभीं विचारतात तोच त्यांस विचारावा, "गांव कोणतें?" उत्तर सांगणारें माणूस समोर आहे तोंवर तें ऐकून घेणें हेंच बरें.